पाचामुखी परमेश्वर

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यात एक मोठे धाडसी विधान दडलेले आहे ह्याचा आपल्याला विसर पडतो. एकाच्या मुखातून परमेश्वर बोलत नाही, तो माणूस कितीही मोठा असला तरी नाही. पाच जण बसले, बोलले, आणि त्यांच्या बोलण्यातून जे निघाले त्यात सत्याचा अंश अधिक, असे ही म्हण म्हणते. ज्या समाजाने गुरुवाक्य प्रमाण मानले आणि वडीलधाऱ्यांपुढे ब्र काढू नये असे शिकवले, त्याच समाजाने ही म्हणही घडवावी ह्याचे मला नवल वाटत आले आहे. पण म्हणीत एक अट आहे आणि ती बोलून दाखवलेली नाही. मुखे पाच हवीत. एकाने बोलावे आणि चौघांनी 'मम' म्हणावे ह्याला पाच मुखे म्हणत नाहीत. ते मुख एकच. आवाज तेवढा मोठा.

ह्या म्हणीची आठवण झाली ती एका नव्या शब्दामुळे. पुण्यामुंबईच्या कंपन्यांतून निघालेला 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द आता आमच्या यावलसारख्या तालुक्याच्या गावीही येऊन पोहोचला आहे. पतपेढीच्या ठेवी कशा वाढवाव्यात, शाळेचा पट का घसरतो, केळीचा भाव पडला तर काय करावे, कशावरही हल्ली हा प्रकार होतो. साहेब मध्यभागी बसतात, चहा येतो, आणि 'मोकळेपणाने बोला' असे सांगण्यात येते. ज्या क्षणी असे सांगण्यात येते त्याच क्षणी खोलीतला उरलासुरला मोकळेपणा संपतो. थोडा वेळ सारे मूग गिळून बसतात. मग कोणी तरी घसा साफ करतो आणि साहेबांनी गेल्या आठवड्यात जी कल्पना बोलून दाखवली होती तिचीच री ओढतो. दुसरा त्याला अनुमोदन देतो. तासाभराने साहेब घड्याळाकडे पाहतात आणि चर्चेचा निष्कर्ष सांगतात. तो त्यांनी घरून निघतानाच बरोबर आणलेला असतो.

मराठीत ह्या प्रकाराला 'विचारमंथन' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षा चांगला आहे असे माझे मत आहे. मूळ शब्दात वादळ आहे, आणि वादळ आले की आमच्याकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. तेव्हा डोक्यात वादळ उठवण्याचे कौतुक निदान खानदेशात तरी कोणाला वाटू नये. मंथनात निदान दोन पक्ष लागतात, दोर दोघांनीही ओढावा लागतो, आणि पहिल्याने अमृत न येता हलाहल येते. ते कोणी प्यावे हे कोणीच आधी ठरवलेले नसते. आपल्या बैठकांत मात्र हलाहल येण्यापूर्वीच आभारप्रदर्शन होते.

ह्या पद्धतीचा जनक ॲलेक्स ऑस्बर्न हा अमेरिकेतील एका मोठ्या जाहिरात कंपनीचा भागीदार. १९४८ आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन पुस्तकांतून त्याने तिचा प्रचार केला. नियम थोडेच होते. जे सुचेल ते बोलावे, वेडगळ वाटले तरी बोलावे. जितके जास्त सुचेल तितके बरे. दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैठक चालू असेतोपर्यंत कोणीही कोणाच्या कल्पनेवर टीका करू नये. निवाडा मागाहून, निराळ्या वेळी. साबण आणि मोटारी कशा खपवाव्यात हे ठरवण्यासाठी निघालेली ही पद्धत. परंतु तिच्या मुळाशी असलेली गोष्ट, म्हणजे निवाडा काही काळ रोखून धरणे, ही मला व्यापाराची वाटत नाही. ती नीतीची गोष्ट आहे.

जाता जाता एक गंमत सांगावयास हवी. ऑस्बर्नने लिहून ठेवले आहे की अशी पद्धत हिंदुस्थानात चारशेहून अधिक वर्षे चालत आली आहे, हिंदू गुरू ती वापरतात, आणि तिचे नाव 'प्राइ-बर्शना'. 'प्राइ' म्हणजे स्वतःच्या बाहेरचा आणि 'बर्शना' म्हणजे प्रश्न. आता हा शब्द कोणत्या भाषेतला हे मराठी वाचकाला सांगता येणे कठीण. माझा आपला तर्क असा की 'परिप्रश्न' हा गीतेतला शब्द कोणाच्या तरी तोंडून कोणाच्या तरी कानी पडला आणि साता समुद्रापलीकडे पोहोचेपर्यंत 'ध' चा 'मा' झाला. तर्क खरा असेल तर त्यात एक बोधक विसंगती आहे. परिप्रश्न म्हणजे पुन्हापुन्हा, चहूबाजूंनी विचारणे. ऑस्बर्नच्या बैठकीत नेमके तेच करावयाला बंदी.

इथेच खरी अडचण सुरू होते. आपल्या विचारपरंपरेत चर्चा म्हणजे टीका असेच समीकरण आहे. आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी, मग त्याचे खंडन, मग सिद्धान्त. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकावे म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडून काढणे ही वितंडा. आज 'वाद घालू नका' असे आपण मुलांना सांगतो, ते ऐकून नैयायिकांना वाईट वाटले असते, कारण वाद हाच तिघांतला सज्जन. मग ज्या बैठकीत खंडनच करावयाचे नाही तिला विचार तरी कसे म्हणावे? तपासल्याविना मांडलेल्या शंभर कल्पना म्हणजे न निवडलेले धान्य. ते मोजून काय उपयोग?

हा आक्षेप वजनदार आहे, आणि कित्येक दिवस तो मला निरुत्तर करणारा वाटत असे. पण न्यायसूत्रांनीच वादाला एक अट घातली आहे. वाद करावा तो शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायाशी, श्रेयाची इच्छा असणाऱ्याशी. आणि ही सारी माणसे असूया नसलेली हवीत. म्हणजे वादासाठी आधी एक प्रकारची बरोबरी हवी. निदान खोडून काढल्याने ज्याचे काही जाणार नाही अशी माणसे हवीत. आपल्या कचेऱ्यांत, संचालक मंडळांत, शिक्षकांच्या सभांत ही बरोबरी असते का? टीका तिथे पाण्यासारखी वाहते; वरून खाली. साहेबांच्या कल्पनेतले न्यून कारकून दाखवीत नाही. कारकुनाच्या कल्पनेतले न्यून मात्र साहेब दाखवतात, साहेबांचा उजवा हात दाखवतो, आणि कालपरवा नोकरीला लागलेला होयबाही दाखवतो. अशा जागी टीका सर्वांना मोकळी ठेवणे म्हणजे ती बलवंताला मोकळी ठेवणे होय. तेव्हा तासभर कोणीच टीका करावयाची नाही हा नियम दिसावयाला सर्वांसाठी असला तरी वस्तुतः तो वरच्यांसाठी आहे. खालच्यांनी तो जन्मभर पाळलेलाच आहे.

पण नियमाने जीभ आवरते. भुवया आवरत नाहीत. 'छान, पुढे?' ह्या दोन शब्दांत किती टीका भरता येते हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगावयास नको. १९५१ साली सॉलोमन ॲश ह्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत काही साधे प्रयोग केले. कागदावरच्या रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेएवढी लांब, एवढाच प्रश्न. डोळे असलेल्या कोणालाही उत्तर देता यावे असा. परंतु खोलीतले बाकीचे लोक, जे आधीच प्रयोगकर्त्याला सामील होते, एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले की शेवटी बोलणारा माणूस पुष्कळदा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून त्यांच्यासारखे बोले. कोणी त्याला दटावले नव्हते, पगार कापण्याची भीती नव्हती. आणि आणखी एक गोष्ट दिसली. त्या सामील लोकांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले तरी ह्या माणसाला पुष्कळसा धीर येई. एक मुख वेगळे निघाले की दुसरेही उघडते.

ऑस्बर्नची आशा अशी होती की गटात बसल्याने माणसाला एकटे असण्यापेक्षा दुप्पट सुचते. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक ह्या तिघांनी हे तपासून पाहिले. चौघांचे गट एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकएकटी बसून विचार करणारी माणसे, ज्यांच्या कल्पना मागाहून चार-चार जणांच्या एकत्र केल्या. उलटेच निघाले. एकएकट्यांच्या कल्पनांची संख्या जवळजवळ दुप्पट भरली. पुढे १९८७ साली डील आणि श्ट्रोबे ह्यांनी ह्याचे एक कारण दाखवले, आणि ते ऐकल्यावर इतके उघड वाटते की हसू येते. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहतात, आणि वाट पाहता पाहता जे सुचलेले असते ते विसरतात, नाही तर नवे सुचणे थांबते. भीती नसली, लाज नसली तरी नुसती रांगच विचाराला मारते.

मग एकत्र यावयाचेच कशाला? प्रत्येकाने आपापल्या घरी कागदावर लिहावे आणि शिपायाबरोबर पाठवून द्यावे. सुधारणेची पहिली पायरी म्हणून मला हे मान्य आहे. बैठकीच्या आधी दहा मिनिटे सर्वांनी मुकाट्याने लिहावे, चिठ्ठ्या गोळा कराव्यात, कोणाची कोणती हे न सांगता वाचाव्यात, आणि साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावे, एवढे केले तरी निम्मे रोग बरे होतील. पण तेवढ्याने बैठकीचे प्रयोजन संपत नाही. कल्पनांची संख्या हे बैठकीचे फळ आहे असे धरले म्हणून ती हरली. जो निर्णय माझ्यावर लागू होणार तो माझ्यासमोर व्हावा, माझ्याकडे पाहून कोणी तरी त्याची कारणे सांगावीत, आणि माझा आक्षेप फेटाळताना फेटाळणाऱ्याला माझ्या डोळ्यांत पाहावे लागावे, ह्यासाठी एकत्र यावयाचे असते. हे काम चिठ्ठी करू शकत नाही.

ह्या बाबतीत आमच्या यावल तालुक्याने एक मोठी बैठक पाहिलेली आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन तालुक्यातल्या फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस ह्यांनी बांबूसारख्या साध्या गावठी वस्तू घेऊन सारे नगर सजवले. आमच्याकडे त्या अधिवेशनाच्या गोष्टी सांगतात त्या ह्या सजावटीच्या, गर्दीच्या आणि पुढाऱ्यांच्या दर्शनाच्या. मला त्यातली कामकाजाची रीत अधिक विचार करण्यासारखी वाटते. हजारो लोकांनी हात वर केलेले ठराव त्या उघड्या मांडवात जन्मले नव्हते. खुल्या अधिवेशनापूर्वी विषयनियामक समिती बसे; तिथे ठरावांची छाननी होई, दुरुस्त्या येत आणि पडत. शेतीविषयक ठराव तर त्याहून मागे सुरू झाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या अधिवेशनाने प्रांतिक समित्यांना सांगितले होते की शेतकऱ्यांच्या स्थितीचा आपापल्या प्रांतात विचार करा आणि शिफारशी पाठवा. आधी प्रत्येकाने आपल्या जागी आपल्या शेतकऱ्याकडे पाहून विचार करावा, मग एकत्र यावे, आणि मग सर्वांसमोर जावे. येलच्या त्या तिघांच्या प्रयोगाआधी बावीस वर्षे ही शहाणीव राजकारणाच्या गरजेतून आलेली होती. फैजपूरला जो कार्यक्रम संमत झाला त्यात खंड आणि सारा कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे, वेठ बंद करणे, शेतमजुराला जगता येईल इतकी मजुरी, किसान संघटनांना मान्यता अशा गोष्टी होत्या. मंत्रिपदे स्वीकारावीत की नाही हा त्या वर्षीचा सर्वांत पेटलेला प्रश्न. तो मात्र फैजपूरने निवडणुकांनंतर ठरवण्यासाठी राखून ठेवला. त्यात राजकारणाची सोय होती हे उघडच आहे. तरीही 'ह्याचा निवाडा आज नाही' असे म्हणता येणे हे सभेच्या अंगी असावे लागते. पुष्कळ सभा केवळ जेवणाची वेळ झाली म्हणून निवाडा करून मोकळ्या होतात.

फैजपूर निर्दोष होते असे मात्र नव्हे. त्याच दिवसांत त्याच गावी अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन एन. जी. रंगा ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मोठ्या मांडवात आपले म्हणणे पुरतेपणी ऐकले जाईल असा भरवसा असता तर शेजारी दुसरा मांडव कशाला घालावा लागता? आणि गांधीजी. १९३४ मध्येच त्यांनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले होते; पण फैजपूरला ते होते, आणि सभासदत्व गेल्याने त्यांच्या शब्दाचे वजन गुंजभरही घटले नव्हते. मोठा माणूस खोलीत असला की विचाराचे काय होते हा प्रश्न कचेरीतल्या साहेबापुरता नाही. साहेब वाईट असेल तर उपाय सोपा. तो चांगला असला, आदरणीय असला, की चौघांचे 'मम' अधिक मनापासून निघते आणि म्हणून अधिक घातक होते.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी गावातल्या स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी लागते. ज्याने हे सुचवले त्याला माणसे ठाऊक होती. दीर, सासरे आणि सरपंच बसलेल्या सभेत जी बाई पदर सावरण्यापलीकडे हालचाल करणार नाही, ती बायकांच्या सभेत पाण्याचे, दारूच्या दुकानाचे, शाळेच्या संडासाचे सारे सांगेल. आणि चारचौघींनी एकमेकींचे ऐकल्यावर मोठ्या सभेत तेच पुन्हा सांगण्याइतका तिचा आवाज चढेल. पुष्कळ ठिकाणी ही सभा कागदावरच होते. ह्याच कायद्याच्या कुशीत दुसरीही एक सोय आहे: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. परमेश्वराला पाच मुखे नसली तरी दोन चालतील! गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ह्या गावाने मात्र वेगळी वाट काढली. तिथे अभ्यासगट बसतात; ते खोदून खोदून विचारतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात, पण निर्णय करीत नाहीत. निर्णय ग्रामसभा करते, तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. आणि संमती होईतोपर्यंत गाव थांबते. ज्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, त्याला हा संथपणा महाग पडला असे कोणी म्हणू शकणार नाही. विचार करण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी, हे ऑस्बर्ननेही सांगितले होते. फरक इतकाच की त्याच्या कंपनीत ठरवणारे थोडे आणि सुचवणारे पुष्कळ असत. मेंढ्यात उलटे आहे.

ह्यातून दुसरा प्रश्न निघतो तो मालकीचा. पाच जणांच्या बोलण्यातून निघालेली कल्पना कोणाची? कचेरीत उत्तर ठरलेले असते: जो तिचा अहवाल लिहितो आणि वर पाठवतो त्याची. सुचवणाऱ्याचे नाव दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत गळून पडते. एकदा असे झाले की माणूस पुढच्या बैठकीत मुका होतो, आणि साहेब म्हणतात की ह्या लोकांना काही सुचतच नाही. जात्यावर दोघी बसत तेव्हा एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने पुढे न्यावी. ती कोणाची हे कोणी विचारले नाही, कारण तिच्यावर बढती मिळणार नव्हती. जिथे मिळकत नाही तिथे मालकी सोडणे सोपे. पण कोणी तरी लिहून घेणारा हवाच. जळगावच्या बहिणाबाई चौधरींची गाणी आज आपल्यापाशी आहेत, कारण मुलगा सोपानदेव ह्यांनी आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली. १९५२ साली पुस्तक निघाले तेव्हा बाई हयात नव्हत्या. पण पुस्तकावर नाव बहिणाबाईंचे आहे. टिपून घेणाऱ्याने ते आपल्याकडे ठेवले नाही. बैठकीचे इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी एवढे केले तर चिठ्ठ्यांचीही गरज उरणार नाही.

आता उरतो तो न बोलणारा. त्याला न बोलण्याचा हक्क आहे की नाही? बैठका नीट चालवण्याचे शास्त्र सांगणारे म्हणतात, प्रत्येकाला बोलते करा. मला ही सक्ती आवडत नाही. काही मौन आळसाचे असते, काही धूर्तपणाचे. पण पुष्कळसे मौन हिशेबाचे असते आणि तो हिशेब बरोबर असतो. समजा, केळीच्या एखाद्या संस्थेत बैठक आहे. दूर पाठवलेला माल पोहोचेपर्यंत घडांना डाग पडतात, फण्या काळवंडतात, भाव तुटतो, काय करावे? अध्यक्ष आहेत, व्यवस्थापक आहेत, चार मोठे बागाईतदार आहेत. घड नेमका कुठे घासतो, पाने कुठे कमी घातली जातात, कोणत्या गाडीवाल्याची घाई नडते, हे ज्याला ठाऊक आहे तो घड खांद्यावरून वाहणारा मजूर बाहेर झाडाखाली बसला आहे. त्याला आत बोलावले तर तो काय सांगेल? पाने कमी पडतात असे सांगितले तर ती वाचवणाऱ्या मुकादमाचे नाव येते. आणि उद्या सकाळी कामावर कोणाला घ्यावयाचे हे मुकादमच ठरवतो. तो म्हणेल, 'मालकांना ठाऊकच आहे.' ते आपण नम्रता म्हणून लिहून घेऊ. फैजपूरच्या ठरावात शेतमजुराच्या मजुरीचा उल्लेख आला ही मोठीच गोष्ट. तो लिहिणाऱ्यांत मजूर किती होते हा प्रश्न तरीही विचारता येतो.

अशा माणसाकडून मत मागावयाचे तर आधी त्याच्या उद्याची हमी घ्यावी लागते, आणि आजची तर लागतेच. बैठक सकाळी अकराला ठेवतात. ती वेळ अध्यक्षांच्या सोयीची असते. अर्धा दिवस तिथे बसलेल्या मजुराचा तेवढा रोज बुडतो. मी पुष्कळ विषयपत्रिका वाचल्या आहेत. मागील इतिवृत्त कायम करणे, खर्चास मंजुरी, आयत्या वेळचे विषय. बोलावून आणलेल्या मजुराला त्या दिवसाचा रोज कोणी द्यावयाचा, हा विषय मला त्यांत अजून आढळलेला नाही.